बारा फुल्या

नवसू करगळ पावण्यांच्या बाबतीत खुळा होता. घरात कोणी आलं की स्वतःच्या ताटातलं कालवण त्याच्या ताटात जायचं आणि नवसू कोरडी भाकरी मोडत बसायचा. तानूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यावरून त्याला किती बोल लावले त्याला गणती नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या या खुळापायी अख्ख्या डोंगराचं काय झालं ते सांगायचं, तर आधी डोंगर सांगितला पाहिजे.

पारगावच्या पलीकडे, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवा जिथे एकमेकींना खेटतात, तिथे बोरमाळ नावाची लांबट टेकडी आहे. नाव बोरमाळ, पण बोरी सगळ्या मिळून पाच. बाकी नुसतं गवत. टेकडीच्या पायथ्याशी करगळांची वाडी, धनगरांची चौदा घरं. पूर्वी सगळा मुलूखच मेंढरांना मोकळा होता. पुढे कालवा आला, खालचा माळ उसाखाली गेला, नारायणगावच्या बाजूला द्राक्षं झाली आणि मेंढराला पाय ठेवायला जागा उरली नाही. उन्हाळ्यात निभायचं, कारण रिकाम्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी आपण होऊन बोलवायचे. पण पावसाळ्याचे चार महिने जिकडेतिकडे पिकं उभी. तेव्हा मेंढरांना बोरमाळाशिवाय थारा नव्हता. बोरमाळ होता म्हणून वाडीत मेंढरं होती.

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्या वाडीत एक जीप आली. जीपमधून बर्वेसाहेब उतरले. पुण्याच्या कसल्याशा संस्थेचे शास्त्रज्ञ, उंच, गोरे, गुडघ्याने अधू. संस्थेने वारूळवाडीत भाड्याच्या दोन खोल्या घेऊन ऑफिस थाटलं होतं. काम असं की विमानातून डोंगरांचे फोटो काढायचे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा काढून गवत सुधारतंय की बिघडतंय ते बघायचं. बिघडत असेल तर काय करायचं ते सरकार ठरवणार. साहेबांना डोंगर माहीत असलेला माणूस हवा होता. नवसूने त्यांना घोंगडीवर बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा पाजला, आणि काम त्यालाच मिळालं.

काम सोपं होतं. साहेबांच्या नकाशावर बोरमाळावर बारा ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याच्या जागी जमिनीवर चुन्याची मोठी फुली काढायची, एकेक हात पाच पावलांचा, म्हणजे विमानातून ती दिसेल. फुलीच्या भोवतीच्या चौकटीतलं गवत म्हणजे नमुना. त्या बारा नमुन्यांवरून सगळ्या डोंगराची तब्येत ठरणार, भाताचं एक शीत चेपून बघतात तशी. साहेबांना चढ झेपेना. ते खाली बोरीच्या सावलीत बसले आणि नवसूला समजावून दिलं की इथून इतकी पावलं उगवतीला, तिथून इतकी वर, जिथे पाय थांबेल तिथे फुली. जागा जशी असेल तशी, बरी-वाईट बघायची नाही. नवसूने मान डोलावली आणि चुन्याचं पोतं खांद्यावर मारून तो वर गेला.

पहिल्या ठिकाणी पाय थांबला तो खडकावर. खडकात कुसळी उगवलेली, मेंढराच्या लोकरीत घुसून कातडीपर्यंत जाणारी. नवसू तिथे उभा राहिला आणि त्याला लाज वाटली. पुण्याहून एवढा मोठा माणूस विमान घेऊन डोंगर बघायला येणार आणि आपण त्याला कुसळी दाखवायची? लेकीला बघायला पावणे आले की फाटकी घोंगडी आत सारतात, हे का कोणी शिकवावं लागतं? शंभर पावलांवर एक सपाट तुकडा होता. तिथे आखाडात त्याने वाघूर लावली होती, म्हणजे जाळीचं कुंपण घालून मेंढरं चार रात्री बसवली होती. मेंढरं बसली की जमीन लेंड्यांनी आणि मुताने तृप्त होते आणि पुढे तिथे मारवेल नि पवना मांडीएवढा येतो. दिवाळी झाली तरी तिथलं गवत हिरवंगार होतं. नवसूने फुली तिथे काढली. शंभर पावलांनी कोणाचं काय बिघडतंय, असं तो मनात म्हणाला.

बारापैकी बाराही फुल्या त्याने अशाच काढल्या. प्रत्येक फुली कुठल्या ना कुठल्या जुन्या वाघरीच्या जागेवर. खाली येऊन त्याने साहेबांच्या कागदावर वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. कागदावर लिहिलं होतं की जागा नकाशाप्रमाणे घेतल्या आहेत.

चार दिवसांनी विमान आलं. शेतात नांगराची तासं पडावीत तसं ते बोरमाळावरून एकदा इकडून तिकडे, मग तिकडून इकडे गेलं. सगळी वाडी बाहेर येऊन माना वर करून बघत होती. नवसूचा चुलतभाऊ भागू म्हणाला, "नवशानं सरकारला चुना लावला बगा." सगळे हसले. सगळ्यात जास्त नवसूच हसला.

फोटो बघायला साहेबांनी त्याला वारूळवाडीला बोलावलं. टेबलावर मोठा कागद, आणि त्यावर बोरमाळ चक्क तांबडा. नवसूला वाटलं फोटो नासला. तेव्हा साहेबांनी शिकवलं. सूर्याच्या प्रकाशात एक भाग आपल्या डोळ्याला न दिसणारा असतो. जिवंत, निरोगी पान तो उलटा फेकतं, वाळलेलं किंवा आजारी पान तेवढा फेकत नाही. या फिल्मला तो दिसतो आणि ती तो तांबड्या रंगात दाखवते. जितकं तांबडं तितकं गवत धडधाकट. डोळ्याला हिरवंच दिसत असताना आतून खंगलेलं झाडसुद्धा ही फिल्म पकडते.

त्या फोटोत बारा पांढऱ्या फुल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती कुंकू सांडल्यासारखा लाल डाग. साहेब म्हणाले, नवसू, तुझा डोंगर तर फारच छान आहे. नवसूचा ऊर भरून आला. त्या जागा वाघरीच्या आहेत हे त्याने सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. मेंढरं बसली तिथे गवत चांगलं येतं हे शेंबडं पोरगंही जाणतं, ते एवढ्या शिकलेल्या माणसाला काय सांगायचं?

पहिली चूक ही अशी झाली. दुसरी चूक तर त्याने अगदी जीव लावून केली.

साहेब निघताना म्हणाले होते की फुल्या सांभाळ, तीन वर्षांनी पुन्हा येतो. झालं. नवसूने त्या फुल्या देवाच्या ओट्यासारख्या सांभाळल्या. भोवती दगड रचले. दर पावसाळ्यानंतर चुना नवा केला. आणि चुना तुडवला जाऊ नये म्हणून त्या बारा जागांवर वाघूर लावायची त्याने बंद केली. स्वतःची केली आणि वाडीचीही केली. मेंढरू तिकडे वळलं की तो लांबून दगड भिरकावायचा. एकदा भागूची मेंढरं सात नंबरच्या फुलीवर गेली, तर नवसूने त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलून त्याच्याकडूनच ती फुली पुन्हा काढून घेतली. भागू तेव्हा हसण्यावारी नेऊन गप्प बसला, पण ते त्याच्या मनात राहिलं.

आता सरळ गोष्ट आहे. लेंडी बंद झाली. चरणं बंद झालं. न चरलेलं गवत जागच्या जागी वाळून त्याची सड झाली, तिच्याखालून नवा कोंब येईना, आणि वर्षा-दोन वर्षांत कुसळीने ती जागा धरली. मेंढरं बाकीच्या डोंगरावर बसत होती, तिथे मारवेल डुलत होता. नवसू रोज तिथून जात होता. त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याची नजर चुन्यावर होती. चुना पांढरा आहे ना, मग आपलं काम चोख, असं तो समजत होता.

सत्त्याण्णव साली विमान आलं, तेव्हा फोटोत लाली उतरलेली होती. बर्वेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. दोन हजार साली पुन्हा विमान आलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बर्वेसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी शिरोडकर नावाचे साहेब आले, तरुण, गोड बोलणारे, संगणकावर काम करणारे. त्यांनी सहा वर्षांचे आकडे मांडून अहवाल लिहिला. बोरमाळाचं गवत वेगाने ढासळत आहे, कारण बेसुमार चराई. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पायथ्याला पाटी लागली. चराईबंदी. मेंढरू आत दिसलं तर जप्त.

वाडीवर अवकळा आली. पंधरा दिवसांवर पाऊस आणि चौदा घरांच्या मेंढरांना उभं राहायला जागा नाही.

नवसू त्याच दिवशी वारूळवाडीला गेला. त्याला वाटलं फोटोत काहीतरी घोटाळा झाला असणार. शिरोडकरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तीनही फोटो शेजारीशेजारी मांडले. नवसू वाकून बघायला लागला. शेवटच्या फोटोत बोरमाळ तांबडा होता, चांगला तांबडा, आणि त्या तांबड्यात बारा फुल्यांभोवती बारा फिकट, राखाडी चौकटी. बाकी डोंगर धडधाकट आणि नेमक्या त्या बारा जागा मेलेल्या. सगळं एका दमात त्याच्या लक्षात आलं.

त्याने सांगितलं. काहीही न राखता सांगितलं. पाय कुठे थांबला होता, फुली कुठे काढली, वाघूर कधी बंद केली, सगळं. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, हितं बगा की. हे समदं तांबडंच हाय. मेंढरं हितं बसत व्हती. जिथं मेंढरू न्हाई तिथंच गवात मेलंय. चूक माजी हाय, डोंगराची न्हाई."

शिरोडकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, मध्येच तोडलं नाही. मग त्यांनी फाइलीतून चौऱ्याण्णव सालचा कागद काढला आणि नवसूसमोर ठेवला. जागा नकाशाप्रमाणे घेतल्या आहेत. खाली सही, नवसू करगळ. ते म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण डोंगराचा निकाल नमुन्याच्या चौकटींवरून लागतो, बाकीच्या तांबड्यावरून नाही. आणि चौकटी चुकीच्या म्हणायच्या तर सहा वर्षांचं कामच पुसून टाकावं लागेल, ते पुण्यात कोण मान्य करणार? शिवाय मेंढरं बंद झाल्यावर मेंढरंवालाच येऊन म्हणतोय की मेंढरांनी गवत वाढतं, याला लोक काय म्हणतील? नवसूने फोटोची एक प्रत मागितली, वाडीला दाखवायला. विमानातले फोटो बाहेर द्यायला परवानगी नाही, असं ते म्हणाले. पण निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढचं विमान या खेपेला एक वर्ष उशिरा, दोन हजार चारला आहे," ते म्हणाले. "त्यात या चौकटी पुन्हा लाल दिसल्या, तर बंदीचा फेरविचार होईल. हे मी स्वतः लिहून पाठवतो."

नवसूने घरी येऊन वाडीलाही खरं सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं, पण त्याच्याने राहवेना. देवळापुढे सगळे बसले होते. कोणी शिवी दिली नाही. भागू तेवढा उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "पावण्यापुढं इज्जत राखलीस बाबा. आता आमची जितराबं तुज्या इज्जतीवर चार." त्या आखाडात भागूने मेंढरं बाजारात नेऊन विकली आणि दिवाळीनंतर बायकोसह पारगावच्या कारखान्याच्या ऊसतोडीला लागला. ज्याच्या बापजाद्यांनी कधी कोयता धरला नव्हता, तो मोळ्या बांधायला लागला. वाटेत नवसू दिसला की तो दुसऱ्या बाजूला बघायचा. पहिल्या वर्षी सहा घरांची मेंढरं गेली, दुसऱ्या वर्षी आणखी तिघांची. नवसूच्या ऐंशीतली अकरा उरली. ती तो दोरीला धरून कालव्याच्या काठाने, लोकांची बोलणी खात चारायचा.

पण दोन हजार चार साल त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चौकटी लाल दिसल्या पाहिजेत. मेंढरं वर न्यायला बंदी होती, माणसाला नव्हती. तेव्हा त्याने दोन उन्हाळे एकच काम केलं. अकरा मेंढरांच्या लेंड्या झाडून पोत्यात भरायच्या, पोतं डोक्यावर घेऊन बोरमाळ चढायचा आणि फुलीभोवती पसरायच्या. अकरा मेंढरांना लेंड्या त्या किती पडणार? तो दुसऱ्यांच्या जुन्या, ओस पडलेल्या मेंढवाड्यांतलं खतही खरवडून न्यायचा. कुसळी त्याने हाताने उपटली. तानूबाई आधी ओरडली, मग रडली, मग स्वतःच दुसरं पोतं डोक्यावर घेऊन मागून चालायला लागली. पन्नाशी उलटलेली दोन माणसं वैशाखाच्या उन्हात डोंगराला खत घालत होती. खालच्या रस्त्यावरून जाणारे लोक म्हणायचे, म्हातारा-म्हातारीचं डोकं फिरलं.

आपण पुन्हा तेच करतोय हे नवसूला कळत होतं. पुन्हा पावण्यापुढे चांगलं तेवढंच मांडणं. एकदा फुली नंबर नऊपाशी दम खाताना तो तानूबाईला म्हणालाही, की हे खोटंच हाय. तानूबाई म्हणाली की पहिल्या खोट्याने डोंगर गेला, तर दुसऱ्या खोट्याने परत येऊ दे. नवसू उठला आणि त्याने पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं.

चार सालच्या पावसाने साथ दिली. भादव्यात त्या बारा जागांवर पवना असा उठला की आत मेंढरू लपावं. बाकीच्या बोरमाळाची मात्र दशा झाली होती. तीन वर्षं न चरलेलं गवत सडलेलं, कुसळी कंबरेएवढी, मधूनमधून रानघाणेरी. नवसूने सगळ्या फुल्यांना दोनदोन हात चुना दिला. शिरोडकरांचा माणूस येऊन नेहमीचा कागद भरून घेऊन गेला. जागांमध्ये कसलाही बदल केलेला नाही, असं त्यावर होतं. नवसूने सही केली. दिवाळीनंतर विमान आलं. या वेळी बघायला वाडीत सगळी मिळून सहा-सात माणसं होती. नवसू ते दिसेनासं होईपर्यंत हात जोडून उभा होता.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी निरोप आला. नवसूने धुतलेलं धोतर नेसलं, तानूबाईने लोण्याचं मडकं दिलं, साहेबांसाठी. वारूळवाडीच्या ऑफिसात शिरोडकर दारापर्यंत सामोरे आले. त्यांनी टेबलावर फोटो पसरला आणि म्हणाले की तुमचं अभिनंदन केलं पाहिजे.

नवसूने बघितलं. सगळा डोंगर फिकट, राखाडी. आणि त्यात बारा फुल्यांभोवती बारा चौकटी लालभडक, चौऱ्याण्णव सालापेक्षाही लाल. जिवाचा आटापिटा केला तो दिसत होता. त्याचे डोळे भरून आले.

"मंजी फेरइचार झाला?" त्याने विचारलं.

"झाला ना. पुण्यात सगळे खूश आहेत. तीन वर्षं मेंढरं बंद झाली आणि गवत बघा कसं उसळून आलं." शिरोडकर आनंदाने बोलत होते. चार वर्षांपूर्वी या माणसाने याच टेबलापाशी काय सांगितलं होतं, ते ते विसरले होते, किंवा तेव्हाच त्यांना ते फारसं खरं वाटलं नव्हतं. "बंदी किती योग्य होती ते सिद्ध झालं. आता ती कायम केली आहे. आजूबाजूच्या चार डोंगरांवरही लावणार आहेत, बोरमाळाचं उदाहरण देऊन."

नवसूने तोंड उघडलं. लेंड्या, पोती, तानूबाईची फुटलेली टाच, सगळं ओठांवर आलं. पण टेबलावर फोटोशेजारी तो कागद पडला होता. जागांमध्ये कसलाही बदल केलेला नाही. सही, नवसू करगळ. एकदा खरं बोलून झालं होतं. आता बोलावं तर दोनदा खोटी सही करणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? त्याने तोंड मिटलं. लोण्याचं मडकं तेवढं टेबलाच्या कडेला ठेवलं, कारण पावणा असो की साहेब, आणलेलं परत न्यायचं नसतं. शिरोडकरांनी पुढच्या खेपेसाठी चुन्याचं एक पोतं आत्ताच घेऊन जा म्हणून सांगितलं. तेही त्याने उचललं.

तो घरी पोचला तेव्हा तानूबाई अकरा मेंढरांना पाणी दाखवत होती. नवऱ्याच्या खांद्यावर चुना बघून तिचा चेहरा उजळला. पुन्हा काम दिलं म्हणजे चांगलंच झालं असणार, असं तिला वाटलं.

"काय म्हनलं सायेब?"

नवसूने पोतं भिंतीला टेकवून ठेवलं आणि उंबऱ्यावर बसला.

"डोंगार सुदारला म्हनलं."

"मग? कवा सोडायची मेंढरं वर?"

नवसू मेंढरांकडे बघत होता. त्यांची तोंडं पाण्यात होती.

"मेंढरं न्हाईत म्हनून सुदारला, म्हनत्यात," तो म्हणाला.

तानूबाईला ते नीट समजायला थोडा वेळ लागला. कोपऱ्यात लेंड्यांची दोन पोती भरून ठेवलेली होती, येत्या वैशाखासाठी. तिने एकेक करून ती ओढत बाहेर नेली आणि उकिरड्यावर उपडी केली.